वैशाखातला दरवाजा, श्रावणातला दरवाजा

सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत वसलेले शेंदूरजनाघाट हे अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यातील गाव संत्र्याच्या बागांसाठी आणि संत्रा कलमांच्या रोपवाटिकांसाठी ओळखले जाते, आणि बागायतदाराच्या घरातील मोठ्या खर्चाचे वेळापत्रकही येथे बहुधा बागेच्याच वेळापत्रकावर चालते. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तुटतात. त्यानंतर हाती आलेल्या पैशातून लग्नकार्ये, कर्जफेड आणि घराची डागडुजी असा क्रम लागतो, त्यामुळे जुनी फरशी काढणे, भिंतींना नवा गिलावा देणे आणि मुख्य दरवाजा बदलणे ही कामे साहजिकच चैत्र-वैशाखात येऊन पडतात. हेच दिवस वऱ्हाडात हवा सर्वाधिक कोरडी असण्याचे असतात. या दिवसांत मापाला अचूक बसवलेला, खालून-वरून एक दोराही फट न ठेवलेला लाकडी दरवाजा श्रावणात चौकटीत अडकतो, आणि मग त्याचा दोष कधी सुताराला, कधी लाकडाच्या व्यापाऱ्याला, तर कधी दिशेला दिला जातो. वास्तविक दोष निवडीच्या क्रमात असतो, कारण दरवाजा निवडताना आधी नक्षी, मग रंग, मग किंमत आणि सर्वांत शेवटी लाकडाची जात व त्याचा कोरडेपणा पाहिला जातो. वऱ्हाडच्या हवेत हा क्रम नेमका उलटा असायला हवा.

लाकूड तोडले आणि वाळवले तरी ते हवेशी पाण्याची देवघेव करीतच राहते. त्याच्या पेशींच्या भिंती हवेतील ओल शोषून फुगतात आणि हवा कोरडी झाली की ती सोडून आकसतात. भोवतालच्या हवेशी तोल साधल्यानंतर लाकडात जेवढे पाणी उरते, त्याला समतोल आर्द्रता म्हणतात आणि ती लाकडाच्या कोरड्या वजनाच्या टक्केवारीत मोजतात. एप्रिल-मे महिन्यांत वऱ्हाडात दुपारची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा जेवढी वाफ धरू शकते तिच्या तुलनेत हवेत प्रत्यक्ष असलेली वाफ, २० टक्क्यांच्या आसपास उतरते, पारा ४५ अंशांना टेकतो आणि उघड्यावरील लाकडाची समतोल आर्द्रता ५-६ टक्क्यांपर्यंत खाली येते. ऑगस्टमध्ये झडीचे दिवस लागले की तीच १५-१६ टक्क्यांवर चढते. कोकणात हवा बारा महिने दमट असते, म्हणून तेथे लाकडाला कुजण्याचे भय अधिक, पण हा चढउतार कमी असतो. वऱ्हाडात कुजण्याचे भय तुलनेने कमी आणि चढउतार मात्र मोठा, आणि म्हणून एका प्रदेशात उत्तम ठरलेला दरवाजा दुसऱ्या प्रदेशात तसाच वागेल असे गृहीत धरता येत नाही.

हा चढउतार दरवाजाच्या मापात किती उतरतो, हे आकड्यांनी पाहणे उद्बोधक आहे. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलतच नाही. ते हलते ते रुंदीत, म्हणजे नसांना आडव्या दिशेने. सागवानासारखे शांत समजले जाणारे लाकूडही, त्याची फळी ओंडक्याच्या वर्तुळांना स्पर्शून कापलेली असेल, तर आर्द्रतेत १० टक्क्यांचा फरक पडल्यावर रुंदीत जवळपास २ टक्के बदलते. सलग फळ्या जोडून केलेला ९०० मिलिमीटर रुंदीचा दरवाजा या हिशेबाने वैशाख ते श्रावण १५ मिलिमीटरहून अधिक वाढू शकतो, आणि एवढी वाढ कोणत्याही चौकटीला सोसणारी नाही. जाड लाकूड हवेच्या मागे सावकाश धावते आणि पॉलिश किंवा रंग ही देवघेव मंद करतो, त्यामुळे प्रत्यक्षातील वाढ यापेक्षा कमी भरते, तरीही ती दार अडण्यास पुरेशी असते.

जुन्या सुतारांनी या अडचणीवर काढलेला तोडगा म्हणजे पॅनेलचा दरवाजा, ज्याला आज केवळ पारंपरिक शोभेचा प्रकार समजले जाते. त्याच्या रचनेत साधारण १०० मिलिमीटर रुंदीच्या दोन उभ्या पट्ट्या आणि तीन-चार आडव्या पट्ट्या कुसू आणि खाच यांनी एकमेकांत गुंतवून एक सांगाडा केला जातो, आणि मधली मोकळी जागा भरणारे पॅनेल त्या पट्ट्यांच्या आत कोरलेल्या खोबणीत सैल बसवलेले असते. आडव्या पट्ट्यांच्या नसा दरवाजाच्या रुंदीच्या दिशेने धावतात, म्हणून त्यांची लांबी बदलत नाही. दरवाजाची एकूण रुंदी बदलते ती केवळ दोन उभ्या पट्ट्यांच्या रुंदीपुरती, म्हणजे २०० मिलिमीटर लाकडाच्या हालचालीपुरती, आणि ती ४ मिलिमीटरच्या आत राहते. पॅनेल मात्र खोबणीत मनसोक्त फुगते आणि आकसते, कोणाला कळतही नाही. उन्हाळ्यात अशा दरवाजाच्या पॅनेलच्या कडेला पॉलिश न लागलेली फिकट रेघ दिसू लागते, ती लाकूड आकसून खोबणीतून किंचित बाहेर सरकल्याची खूण असते. तिला दोष समजून तेथे खिळा मारणारा किंवा फेविकॉल भरणारा कारागीर पुढच्या वर्षी पॅनेलला उभी चीर पाडण्याची तजवीज करून ठेवतो. पॅनेल बसवण्यापूर्वी त्याच्या कडांना पॉलिशचा एक हात द्यावा, म्हणजे ही रेघ दिसत नाही, हा त्यावरचा साधा उपाय आहे आणि तो फार थोड्या ठिकाणी केला जातो.

लाकडाचा विचार करताना वऱ्हाडची स्थिती भाग्याची म्हणावी लागेल. मेळघाटच्या जंगलाचे सागवान वर्षानुवर्षे परतवाड्याच्या बाजारात उतरत आले आहे, आणि विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला आलापल्लीच्या जंगलातील सागवानाची बल्लारपूरची बाजारपेठ देशभर नाव राखून आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लागणारे सागवान मार्च २०२३ मध्ये तेथूनच रवाना झाले होते. इमारती लाकडाच्या व्यापारात आजही ‘सीपी टीक’ हे नाव चालते, ते मध्य प्रांताच्या, म्हणजे ज्या प्रांताला १९०३ मध्ये वऱ्हाड जोडले गेले त्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसच्या सागवानाचे. प्रांत जाऊन सात दशके लोटली तरी बाजाराने त्याचे नाव सोडलेले नाही. या सागवानाची वाढ सावकाश झालेली असल्यामुळे त्याची वर्तुळे दाट, रंग सोनेरी-तपकिरी आणि नसांमध्ये काळसर रेघा असतात. दुकानात याच्याच शेजारी घाना, बेनिन, इक्वेडोर अशा देशांतून आलेले लागवडीचे सागवानही ठेवलेले असते. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाच्या निर्यातीवर बंदी घातल्यावर अशा आयात मालाचे महत्त्व वाढले. लागवडीचे झाड जातीने सागच असते, मात्र ते वीस-पंचवीस वर्षांतच तोडलेले असेल तर त्यात पक्क्या लाकडाचा वाटा कमी असतो.

पक्के आणि कच्चे लाकूड हा भेद ग्राहकाने डोळ्यांनी ओळखायला शिकावा असा आहे. खोडाच्या आतल्या गर्द भागाला नार किंवा शास्त्रीय भाषेत अंतःकाष्ठ म्हणतात आणि सालीलगतच्या फिकट, पांढुरक्या पट्ट्याला रसकाष्ठ म्हणतात. सागवान वाळवीला दाद देत नाही, ही ख्याती त्याच्या नारेची आहे, कारण वाळवीला नकोसे असणारे टेक्टोक्विनोनसारखे पदार्थ आणि तेलकट अंश नारेतच साठतात. रसकाष्ठाला वाळवी आणि भुंगेरे इतर कोणत्याही लाकडाइतक्याच आवडीने खातात. चौकटीच्या कोपऱ्यावर दोन बोटे रुंदीची पांढरी पट्टी दिसली आणि विकणाऱ्याने पॉलिशमध्ये ती लपून जाईल असे सांगितले, तर ती दिसायची लपेल, पण वाळवीला पॉलिशची अडचण होत नाही. सागवानच घेतले की काम झाले, हा समज म्हणूनच अर्धवट आहे. सागाचे पांढरे लाकूड घेण्यापेक्षा त्याच पैशात दुसऱ्या जातीचे पक्के लाकूड घेणे शहाणपणाचे ठरते.

मोजमापाच्या बाबतीतही थोडी सावधगिरी बाळगावी लागते. लाकूड घनफुटावर विकले जाते आणि हिशेब बहुधा करवतीखालून निघालेल्या मापावर धरला जातो, रंधा मारल्यानंतरच्या मापावर नाही. ५ इंच बाय ३ इंचाची म्हणून घेतलेली चौकट चारही बाजूंनी रंधून पावणेपाच बाय पावणेतीन उरते आणि तेवढ्यात जवळपास १३ टक्के लाकूड भुशात जाते. ही फसवणूक नव्हे, व्यापाराची रीत आहे, फक्त दोन दुकानांच्या भावांची तुलना करताना भाव कच्च्या मापावर सांगितला आहे की तयार मापावर, हे विचारल्याखेरीज ती तुलना व्यर्थ असते. सात बाय साडेतीन फुटांच्या दाराची उंबरठ्यासह चौकट घेतली तर तिला सव्वादोन घनफुटांच्या आसपास आणि पॅनेलच्या पल्ल्याला तितकेच लाकूड लागते, एवढा अंदाज हाताशी असला तरी बोलणी करताना पुरे होते. लाकडातील ओल मोजणारे, दोन टोकदार पिनांचे छोटे यंत्र आता सहज मिळते. १० ते १२ टक्के वाचन देणारे लाकूड वऱ्हाडच्या वार्षिक चढउताराच्या मधोमध पडते, म्हणून ते दारासाठी योग्य मानावे. वैशाखाच्या उन्हात अंगणात महिनाभर तापवलेले लाकूड अधिक चांगले, ही समजूत त्यामुळे खरी नाही. त्याने श्रावणात वाढण्यासाठी अधिकच जागा करून घेतलेली असते.

शेताच्या धुऱ्यावर स्वतःचा साग उभा असलेल्या शेतकऱ्याला दाराचे लाकूड फुकट पडेल असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु महाराष्ट्रातील वृक्षतोड नियमनाच्या १९६४ च्या कायद्यात सागाचा समावेश अनुसूचित वृक्षांत होतो, म्हणून खाजगी जमिनीवरील सागही परवानगीखेरीज तोडता येत नाही आणि तोडलेले लाकूड आरागिरणीपर्यंत नेण्यास वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो. जंगल उंबरठ्याशी असलेल्या गावात विनापावतीचे स्वस्त सागवान कोठून येते हे सर्वांना ठाऊक असते. पावती मागणे हा येथे केवळ हिशेबाचा भाग राहत नाही. या दोन्ही वाटांपेक्षा तिसरी वाट अधिक चांगली असूनही दुर्लक्षित आहे. जुने वाडे पाडले जातात तेव्हा निघणाऱ्या चौकटी, तुळया आणि खांब अनेक पावसाळे खाऊन शांत झालेल्या लाकडाचे असतात. त्यात दडलेले खिळे करवतीचे पाते मोडतात म्हणून सुतार, ज्याला वऱ्हाडात वाढई म्हणण्याचीही पद्धत आहे, त्यांच्यावर काम करण्यास कुरकुरतो, पण खिळे उपसण्याची मजुरी जादा देऊन मिळणारे लाकूड नव्या बाजारात त्या दर्जाचे मिळणे कठीण असते.

ज्यांना भरीव सागवान परवडत नाही किंवा नको असते, त्यांच्यासाठी बाजारातील पहिला पर्याय फ्लश दरवाजाचा असतो. लाकडाच्या अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी बसवून केलेला गाभा, भोवती लाकडी कड आणि दोन्ही अंगांना एकमेकांना आडव्या नसांचे पातळ थर चिकटवून केलेला सपाट पल्ला, अशी त्याची रचना असते. थरांच्या नसा एकमेकांना आवळून धरतात, त्यामुळे तो रुंदीत फारसा हलत नाही आणि या एका गुणात तो भरीव फळ्यांच्या दारापेक्षा सरस ठरतो. त्याचे आयुष्य मात्र चिकटवणाऱ्या द्रव्यावर अवलंबून असते. युरिया फॉर्माल्डिहाइडचा गोंद भिजण्यापुढे टिकत नाही, तर फिनॉल फॉर्माल्डिहाइडचा उकळत्या पाण्यातही सुटत नाही, आणि म्हणून पावसाचे शिंतोडे घेणाऱ्या मुख्य दारासाठी दुसऱ्या प्रकारचाच आग्रह धरावा लागतो. अशा दारांसाठी भारतीय मानक ‘आयएस २२०२’ आहे आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्लायवूड व लाकडी फ्लश दरवाजांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेशही काढला. तेव्हा मानकचिन्ह पल्ल्यावर उमटवलेले आहे की नुसते दुकानदाराच्या तोंडी आहे, हे पाहून घ्यावे. सनमायका, व्हिनियर, कोरीव काम यांविषयी येथे लिहिण्यासारखे फारसे नाही. ती आवड आहे आणि आवडीला मानक नसते.

लाकडाचा भुसा आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाचे, डब्ल्यूपीसी या नावाने विकले जाणारे पल्ले पाणी आणि वाळवी या दोहोंना पुरून उरतात, म्हणून न्हाणीघरासाठी ते उत्तम आहेत. परंतु पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि मे महिन्याच्या दुपारी उन्हात तापलेला गर्द रंगाचा पृष्ठभाग त्या मर्यादेच्या धोकादायक जवळ जातो, तेव्हा त्याला हळूहळू बाक येतो. शिवाय बिजागरीचे स्क्रू त्यात लाकडाइतके घट्ट धरत नाहीत. पश्चिमेच्या उन्हातील मुख्य दारासाठी या वस्तूची शिफारस करणे कठीण आहे, मग विक्रेता कितीही वर्षांची हमी देवो.

लोखंडी, म्हणजे जस्त चढवलेल्या पोलादी पत्र्याच्या तयार दरवाजांनी गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांपर्यंत मजल मारली आहे. पोलाद ओल शोषत नाही आणि तापूनही अत्यल्प वाढते. दोन मीटर उंचीचे दार ३० अंशांच्या फरकाने एक मिलिमीटरही वाढत नाही, म्हणून वैशाख-श्रावणाचा प्रश्न त्याला पडतच नाही. त्याची अडचण निराळी आहे. ते स्वतःच्या चौकटीसह कारखान्यातून येते आणि त्याला गुण्यात बसणारे, ओळंब्यात असलेले भोक लागते, तर जुन्या घराची भिंत क्वचितच ओळंब्यात असते. लाकडी पल्ला वाकड्या चौकटीच्या मापाने रंधून घेता येतो, पोलादी पल्ल्याला रंधा लागत नाही. त्यामुळे जुन्या घरात पोलादी दार बसवणे म्हणजे आधी भिंत दुरुस्त करणे, आणि तो खर्च दाराच्या किमतीत कोणी सांगत नाही. त्यावरील लाकडासारखी छपाई उन्हात किती वर्षे टिकेल, हा प्रश्नही उरतोच.

जुन्या घराच्या बाबतीत सर्वांत नाजूक निर्णय पल्ल्याचा नसून चौकटीचा असतो. मातीच्या किंवा मातीत रचलेल्या विटांच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंतींत चौकटीची वरची आडवी पट्टी आणि तिच्यामागे टाकलेल्या फळ्या याच वरच्या भिंतीचा भार पेलत असतात. वेगळी सिमेंटची लिंटेल तेथे नसते. अशी चौकट टेकू न लावता काढली तर भिंतीला कोपऱ्यातून तिरकी भेग जाते आणि दाराच्या खर्चावर भिंतीचा खर्च चढतो. जुनी चौकट ठोकून पाहिली असता भरीव आवाज येत असेल, वाळवी फक्त खालच्या हातभर भागात असेल, तर तेवढाच भाग कापून नवे लाकूड सांधणे हे काम जाणता सुतार करू शकतो आणि ते बहुतेक वेळा अधिक शहाणपणाचे असते. नवी चौकट बसवायचीच असेल, तर भिंतीला टेकणाऱ्या तिच्या अंगाला डांबराचा किंवा वाळवीरोधक द्रव्याचा हात देऊन मगच ती लोखंडी होल्डफास्टने भिंतीत गाडावी, कारण एकदा गिलावा झाला की त्या अंगाला पुन्हा कोणाचा हात पोचत नाही.

चौकटीबरोबर उंबरठ्याचाही निकाल लागतो. तीन बाजूंच्या चौकटी स्वस्त पडतात आणि फरशी सलग दिसते, म्हणून नव्या घरांतून उंबरठा नाहीसा होत चालला आहे. लक्ष्मीपूजनाची पावले आणि नव्या सुनेने ओलांडायचे माप यांच्यासाठी पुष्कळ कुटुंबे मग दगडाची एक पट्टी नंतर वेगळी बसवून घेतात. धार्मिक बाजू क्षणभर दूर ठेवली, तरी चौथी बाजू चौकटीचे दोन्ही पाय बांधून धरते आणि तिला गुण्यात ठेवते, शिवाय पावसाचे पाणी, धूळ आणि वऱ्हाडातील घरांना अपरिचित नसलेले विंचू यांना ती अटकाव करते. दुसरीकडे चाकांच्या खुर्चीवरील किंवा पाय ओढत चालणाऱ्या वृद्धांसाठी उंच उंबरठा हा रोजचा धोका आहे. पाऊण इंच उंचीचा, दोन्ही अंगांनी उतार दिलेला दगडी उंबरठा हा या दोहोंमधला समंजस मार्ग दिसतो. दाराची स्वच्छ रुंदी, म्हणजे पल्ला पूर्ण उघडल्यावर प्रत्यक्ष मोकळी मिळणारी जागा, ९०० मिलिमीटर ठेवता आली तर खुर्चीही जाते, कपाटही जाते. मापे घेताना चौकटीचे बाहेरचे माप सांगितले जाते आणि पदरात त्यापेक्षा सहज पाच-सहा इंच कमी पडतात, याकडे लक्ष असावे.

दिशेच्या प्रश्नावर वास्तुशास्त्राचे सल्लागार बरेच बोलतात आणि त्यांच्या मते दक्षिणेचे दार सर्वांत वाईट असते. दाराची दिशा बहुतेक प्लॉटांवर रस्त्याने आधीच ठरवून टाकलेली असते, त्यामुळे त्या वादात शिरण्याचे कारण नाही. मात्र उन्हाचा हिशेब पाहिला तर निकाल वेगळा लागतो. शेंदूरजनाघाट सुमारे २१.५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो आणि दक्षिणेच्या दारावर त्या दिवसांत दुपारचे थेट ऊन पडतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये पडते ते दोन फुटांच्या छज्जाने बरेचसे अडते, आणि डिसेंबरमध्ये सूर्य ४५ अंशांवर उतरतो तेव्हा ते हवेसेच असते. खरा त्रास पश्चिमेच्या दाराला होतो, कारण चार वाजल्यानंतरचे तिरपे ऊन कोणत्याही छज्जाखालून आत येते. पश्चिमेचे दार असेल तर गर्द पॉलिशऐवजी फिकट रंग, पुढे ओसरी किंवा निदान पडदी, आणि बाहेरच्या अंगाला अतिनील किरणांना टिकणारे पॉलिश ही खबरदारी दाराच्या नक्षीपेक्षा अधिक मोलाची आहे. आतील आणि बाहेरील दोन्ही अंगांना पॉलिशचे सारखे हात द्यावेत, हेही येथेच नोंदवले पाहिजे. बाहेरून चार हात आणि आतून एक, अशा दाराची दोन अंगे निरनिराळ्या गतीने ओल घेतात आणि पल्ल्याला पीळ पडतो. पल्ल्याची वरची आणि खालची कड कोणाला दिसत नाही म्हणून कोरी ठेवली जाते, आणि नसांची उघडी टोके असलेल्या त्याच कडांतून लाकूड सर्वाधिक पाणी पिते.

सुरक्षेचा विचार वऱ्हाडात नवा नाही. पेंढाऱ्यांच्या धास्तीने अमरावती शहराभोवती १८०७ मध्ये परकोट बांधण्यास सुरुवात झाली आणि त्याच्या वेशीच्या दारांबरोबर माणसापुरत्या ‘खिडक्या’ही ठेवल्या गेल्या, मोठ्या वाड्यांच्या दारांतही मोठा पल्ला बंद ठेवून माणसाला वाकून आत येण्यापुरती दिंडी ठेवण्यामागे हाच हेतू होता. त्या जुन्या दारांचे दोन पल्ले बिजागरीवर टांगलेले नसत. पल्ल्याच्या उभ्या पट्टीलाच वर आणि खाली खुंट काढलेले असत आणि खालचा खुंट दगडाच्या खोबणीत फिरे, त्यामुळे दाराचा सगळा भार जमिनीवर जाई. आजच्या एकाच पल्ल्याच्या दाराचा ४० किलोंहून अधिक भार बिजागरीच्या स्क्रूंवर लटकतो, म्हणून तीनऐवजी चार बिजागऱ्या आणि लांब स्क्रू घेण्यात काटकसर करू नये. महागडे बहुबिंदू कुलूप बसवून पल्ला बाहेरच्या बाजूस उघडणारा ठेवायचा आणि बिजागरीची पिन बाहेर उघडी सोडायची, असला प्रकारही पाहायला मिळतो; त्यावर भाष्य करण्याची गरज नाही.

मुख्य दारापुढे लावल्या जाणाऱ्या जाळीच्या दाराला सामान्यतः केवळ सुरक्षेचे साधन मानले जाते, पण वऱ्हाडात त्याचे दुसरे आणि अधिक मोठे काम कूलरशी निगडित आहे. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने बाहेरची कोरडी हवा थंड करून आत ढकलतो, आणि जेवढी हवा आत आली तेवढी बाहेर जाण्यास वाट नसेल तर खोलीत ओल साचते, बाष्पीभवन मंदावते आणि तासाभरात घर दमट होऊन अंगाला चिकट वाटू लागते. समोरचे भरीव दार बंद करून कूलर लावणाऱ्या घरात हेच घडते. तेच दार उघडे आणि जाळीचे दार बंद असेल, तर हवेला वाट मिळते, डास बाहेर राहतात आणि रात्री निर्धास्त झोप लागते. नव्या दाराच्या अंदाजपत्रकात जाळीचे दार पुढच्या वर्षावर ढकलण्याची प्रवृत्ती असते, पण निवड करावीच लागली, तर पल्ल्यावरचे कोरीव काम पुढच्या वर्षावर ढकलावे आणि जाळीचे दार आधी लावावे. तोरणासाठी आणि शनिवारच्या बिब्बा-लिंबू-मिरचीसाठी चौकटीच्या वरच्या पट्टीवर दोन पितळी हूक सुरुवातीलाच बसवून घेतले, म्हणजे प्रत्येक दसऱ्या-पाडव्याला नव्या पॉलिशमध्ये नवा खिळा शिरत नाही.

कामाच्या क्रमात एक चूक वारंवार होते. दार आधी बसवले जाते आणि नंतर जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स लावल्या जातात, तेव्हा जमीन दीड-दोन इंच वर येते आणि पल्ला खालून कापावा लागतो. पॅनेलच्या दारात खालची पट्टी रुंद असल्यामुळे हे एकवेळ निभावते, पण फ्लश पल्ल्याची खालची लाकडी कडच त्यात निघून जाते आणि गाभा उघडा पडतो. म्हणून फरशी व गिलावा पूर्ण वाळल्यावर पल्ला टांगावा. ओला गिलावा बंद घरात एवढी वाफ सोडतो की वैशाखातही लाकडाला श्रावणाचा अनुभव येतो. पल्ला टांगताना चौकटीच्या उभ्या अंगांशी दोन्हीकडे ३ मिलिमीटरची फट ठेवण्यास सुतार सहसा नाखूश असतो, कारण उन्हाळ्यात ती फट डोळ्यांत भरते आणि मालक काम ढिले झाल्याची तक्रार करतो. ती फट मालकानेच मागून घ्यावी, उन्हाळ्यात तिच्यातून येणारी झळ आणि धूळ रबरी पट्टीने अडवावी, आणि मजुरीची बोलणी करतानाच शेवटचा हप्ता पोळ्यानंतर देण्याचे ठरवून घ्यावे, म्हणजे पहिला पावसाळा खाल्लेल्या पल्ल्याला जेथे लागेल तेथे रंधा मारून, कोऱ्या झालेल्या कडेला पुन्हा पॉलिश देण्यासाठी सुताराची एक फेरी त्याच ठरलेल्या रकमेत धरलेली राहील.